शाबासकी हुकते तेव्हा मेंदूत काय होतं?

"कॉलेजात पहिली, पण कामात काही दम नाही." बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या पुतणीबद्दल हे बोललं गेलं, तेव्हा मला राग आला. कलाभवन या तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून केमिकल इंजिनिअर झालेली, सदैव वरच्या नंबरात असलेली ही मुलगी नंदेसरीतल्या एका कारखान्यात लागली आणि काही महिन्यांतच म्हणू लागली, "काका, मला काही येतच नाही." तिची हुशारी पोकळ होती किंवा ही पिढीच नाजूक आहे, ही दोन्ही उत्तरं मला नामंजूर आहेत. मेंदू बक्षिसाचा हिशेब कसा ठेवतो, ते आधी पाहू.

मध्यमेंदूत डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके असतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांमध्ये या पेशींचे विद्युत्‌स्पंद मोजले. अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की स्पंद एकदम वाढत. दिवा लागला की रस मिळतो, हे माकड शिकलं की पेशी दिव्यालाच उसळत आणि रसाच्या वेळी शांत राहत. आणि दिवा लागूनही रस आलाच नाही तर? रस ज्या क्षणी यायचा, नेमके त्याच क्षणी स्पंद नेहमीच्या पातळीच्याही खाली जात. बाहेर काहीच घडलेलं नसताना!

१९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी यामागचं गणित मांडलं. या पेशी बक्षीस मोजत नाहीत. 'मिळालेलं वजा अपेक्षित' मोजतात. हा फरक म्हणजे त्रुटी. ती एका लहान अपूर्णांकाने गुणून जुन्या अपेक्षेत मिळवली की नवी अपेक्षा तयार. अपेक्षा ९०, मिळाले ५०, तर त्रुटी उणे ४०. अपूर्णांक ०.१ धरला तर नवी अपेक्षा ८६. पुन्हा ५० मिळाले तर ८२.४. अपेक्षा हळूहळूच उतरते आणि तोवर त्रुटी दर वेळी उणेच येते. शिवाय या पेशी एरवी सेकंदाला जेमतेम चार-पाच स्पंद देतात, म्हणजे खाली जायला जागाच थोडी. त्यामुळे मोठा अपेक्षाभंग स्पंद किती वेळ थांबले यावरून कळतो.

माकडाच्या रसावरून थेट माणसाच्या मनावर उडी मारू नये, हे खरं. पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोबाइलवरचा खेळ खेळणाऱ्या १८,४२० जणांच्या नोंदी तपासल्या. त्या-त्या क्षणाचा आनंद एकूण कमाईवर नव्हे, तर कमाई अपेक्षेपेक्षा जास्त की कमी यावर ठरत होता.

आता कारखान्यात या. पंपाचं सील गळू लागलेलं तिने राउंडवर पाहिलं, लॉगबुकात लिहिलं, मेंटेनन्सकडून बदलून घेतलं. पंप बंद पडला नाही, म्हणून कुणाला काही कळलंही नाही. उत्तम कामाचं फळ इथे 'काहीच न घडणं' हे असतं! पहिलीपासून पेपरमागोमाग निकाल पाहिलेल्या मेंदूला ते फळ दिसत नाही. तिला येत नाही असं नव्हे, तिचं बरोबर आलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही.

यावर 'डोपामाइन डिटॉक्स', म्हणजे मोबाइल-करमणूक काही काळ सोडून मेंदू 'शुद्ध' करण्याचा उपाय, विकणारे आहेतच. डोपामाइन हे विष नाही की धुऊन काढावं. त्याच्याशिवाय हालचालसुद्धा अडते. आणि पुष्कराजाच्या अंगठीचा या पेशींशी काडीचाही संबंध नाही.

कामाचा निकाल तिला दिसावा म्हणून मी तिला एक सुचवलं. ऊर्ध्वपातनाच्या उंच कॉलममध्ये माथ्यावरून थंड करून परत सोडलेला द्रव, म्हणजे रिफ्लक्स, वाढवायचा असेल त्या शिफ्टला माथ्याचं तापमान किती उतरेल, त्याचा आकडा आधी स्वतःच्या वहीत लिहायचा आणि शिफ्ट सुटताना खऱ्या आकड्याशी ताडायचा. जुन्या ऑपरेटरलाही त्याचा अंदाज विचारायचा आणि शेजारी मांडायचा. दोघांच्या आकड्यांत फरक पडला, तर का पडला हे त्यालाच विचारायचं.