‘पोदेर’ वर्तमानकाळात : ‘ओ’ कुठे टिकतो, कुठे फुटतो

आमच्या स्पॅनिश वर्गांच्या पहिल्या पातळीतील विद्यार्थ्यांसाठी. स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. स्पेलिंग पाठ्यपुस्तकातून पाहून घ्यावे.

आब्लार, कोमेर, बिबिर ही सरळमार्गी क्रियापदे चालवून झाली की ‘पोदेर’ समोर येते. अर्थ ‘शकणे’. शेवटचे प्रत्यय कोमेरसारखेच लागतात, पण मधला ‘ओ’ काही रूपांत फुटून ‘वे’ होतो:

यो प्वेदो – मी शकतो, शकते
तू प्वेदेस – तू
एल, एया, उस्तेद प्वेदे – तो, ती, आणि आदराने एकालाच ‘तुम्ही’
नोसोत्रोस पोदेमोस – आम्ही, आपण
बोसोत्रोस पोदेय्स – तुम्ही सगळे (स्पेनमध्ये, ओळखीच्यांत)
एयोस, एयास, उस्तेदेस प्वेदेन – ते, त्या, तुम्ही सगळे

‘शकतो’ आणि ‘शकते’ हा भेद स्पॅनिशमध्ये नाही, बाई-पुरुष दोघेही ‘प्वेदो’च म्हणतात. ‘यो’ दर वेळी लावायचीही गरज नाही. आपण नुसते ‘येतो हं’ म्हणतो तेव्हा ‘मी’ कळतोच, तसेच इथे. उच्चारताना मात्र ‘पु-ए-दो’ असे तीन तुकडे पाडू नका. ‘प्वे-दो’, दोनच.

पुष्कळ पुस्तकांत या सहा रूपांभोवती बुटाचे चित्र काढलेले असते: बुटाच्या आतली रूपे बदलतात, बाहेरची दोन नाहीत. चित्र चुकीचे नाही, पण ‘का’ ते सांगत नाही. कारण आहे आघात. शब्दाचा जोर धातूतल्या ‘ओ’वर पडला की तो फुटतो, जोर पुढे सरकला की शाबूत राहतो. ‘प्वेदो’त जोर पहिल्या अक्षरावर आहे. ‘पोदेमोस’ म्हणून पाहा, जोर ‘दे’वर गेला. ‘पोदेर’मध्ये तो शेवटी आहे. अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘बोस’ म्हणतात आणि त्याचे रूप ‘पोदेस’, जोर शेवटच्या ‘देस’वर. तिथेही ‘ओ’ शाबूत! बुटाच्या चित्रात हे रूप बसवता येत नाही, आघाताच्या नियमात आपोआप बसते.

ही फक्त क्रियापदांची खोड नाही. लॅटिनमधला ऱ्हस्व ‘ओ’ आघाताखाली आला की स्पॅनिशमध्ये ‘वे’ झाला, आणि ऱ्हस्व ‘ए’चा ‘ये’. म्हणून दार ‘प्वेर्ता’, पण दारवान ‘पोर्तेरो’. नऊ म्हणजे ‘न्वेबे’, नव्वद ‘नोबेन्ता’. सात ‘स्येते’, सत्तर ‘सेतेन्ता’. पोर्तुगीजमध्ये ही फूट झाली नाही, तिथे दार ‘पोर्ता’च राहिले. गोव्यात शाळेत पोर्तुगीज घेतलेल्यांच्या तोंडून म्हणूनच ‘पोदे’ निसटते. त्यांनी एवढा एक ‘वे’ घोटवला की बाकीचा अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो.

आता वापर. ‘पोदेर’च्या मागोमाग दुसरे क्रियापद मूळ रूपातच येते, मध्ये काही घालायचे नाही: ‘प्वेदो एन्त्रार?’ म्हणजे आत येऊ का? ‘प्वेदो एन्त्रो’ हे चूक, दोन्ही क्रियापदे चालवायची नसतात. हॉटेलात बिल मागायला ‘मे प्वेदे त्राएर ला क्वेन्ता, पोर फाबोर?’ इथे ‘प्वेदे’ हे उस्तेदचे रूप आहे. वेटरला ‘तुम्ही’ म्हणावे, ‘तू’ त्याने सुरू केले तर पुढे पाहू. (‘क्वेन्ता’ही त्याच घरातला शब्द आहे, ‘कोन्तार’ म्हणजे मोजणे.) ‘ओय प्वेदे योबेर’ म्हणजे आज पाऊस पडू शकतो. दारावर टकटक करून नुसते ‘से प्वेदे?’ म्हटले तरी चालते. आणि ‘आकी नो से प्वेदे फुमार’ म्हणजे इथे सिगारेट ओढलेली चालत नाही.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो ‘येणे’पाशी. ‘मला पोहता येतं’ आणि ‘आज मला पोहता येणार नाही’ ही दोन्ही वाक्ये आपण एकाच ‘येणे’वर भागवतो. स्पॅनिशमध्ये शिकून अंगी आलेल्या कौशल्याला ‘साबेर’ लागते: ‘से नादार’ (हे ‘से’ साबेरचे ‘यो’चे रूप, ‘से प्वेदे’मधले ‘से’ वेगळे). पाय मुरगळला, तलाव बंद आहे, वेळ नाही, अशी परिस्थितीची अडचण असेल तर ‘पोदेर’: ‘ओय नो प्वेदो नादार’. ‘नो से नादार’ म्हणालात तर ऐकणारा तुम्हाला तलावाच्या उथळ बाजूला नेईल. गाडी चालवणे, पोळ्या लाटणे, तबला वाजवणे, सगळ्यांना हाच निकष. बोलण्याआधी स्वतःला विचारा: मी हे शिकलोय का, की आत्ता जमतंय का?

‘पोदेर’ बसले की दोर्मीर (द्वेर्मो, दोर्मीमोस) आणि बोल्बेर (ब्वेल्बो, बोल्बेमोस) वेगळे पाठ करावे लागत नाहीत. केरेर आणि पेन्सारमध्ये ‘ए’ फुटतो: क्येरो, प्येन्सो. ‘उ’ फुटणारे खुगार हे एकटेच: ख्वेगो, म्हणजे मी खेळतो. पेदीर (मागणे) मात्र ‘पीदो’ होते. घाईत ‘प्वेदो’च्या जागी ‘पीदो’ म्हणू नका.

पण प्रत्येक ‘ओ’ फुटतो असे समजू नका. कोमेरचे ‘कोमो’, तोमारचे ‘तोमो’, कोर्रेरचे ‘कोर्रो’. शब्द पाहून हे ओळखता येत नाही. शब्दकोशात क्रियापदापुढे स्वरबदलाची खूण असते, ती पाहायची. नवे क्रियापद वहीत उतरवताना मूळ रूपाशेजारी ‘यो’चे रूपही लिहा. पुढच्या तासाला अशी जोडी लिहिलेली वही सोबत आणा, आणि ‘से’ व ‘प्वेदो’ची आपापली दोन-दोन वाक्ये तयार ठेवा. ती तोंडी विचारली जातील.