चुलीशेजारचा वैल

ज्यांच्या घरी मातीची चूल होती त्यांना वैल आठवत असेल. चुलीलाच जोडलेलं ते शेजारचं तोंड. त्याला वेगळं जळण लागत नसे. चुलीवर भाकरी होत असताना तिच्याच उरल्या धगीवर वैलावर आमटी मुरत राही. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग या बंदराच्या गावाने हीच युक्ती वीजकेंद्र, रिफायनरी आणि औषध कारखान्यांच्या आकारात करून दाखवली आहे.

कोपनहेगनपासून पश्चिमेला साधारण 100 किलोमीटरवर, झीलंड बेटाच्या टोकाला हे गाव आहे. पाच मनोऱ्यांचं मध्ययुगीन विटांचं चर्च ही त्याची जुनी ओळख. पण जगभरातले अभियंते इथे येतात ते कारखान्यांना जोडणाऱ्या नळांसाठी.

सुरुवात पाण्यापासून झाली. 1961 च्या सुमारास इथे रिफायनरी उभी राहिली. तिला भरपूर पाणी हवं होतं आणि भूजल बेताचंच होतं. मग तिसो नावाच्या तळ्यातून जलवाहिनी आणायचं ठरलं. काम नगरपालिकेने केलं, पैसा रिफायनरीने दिला. 1972 मध्ये शेजारी जिप्रॉक हा जिप्सम बोर्डांचा, म्हणजे घराच्या भिंतींना लावायच्या तक्त्यांचा, कारखाना आला. रिफायनरीच्या धुराड्यावर जो जादा वायू नुसता पेटवून दिला जाई, तो या कारखान्याने बोर्ड वाळवायला विकत घेतला. त्या वेळी यामागे पर्यावरणाचं काही धोरण होतं असं मुळीच नाही. एकाकडे वायू वाया जात होता, दुसऱ्याला भट्टी पेटवायची होती, आणि दोघं हाकेच्या अंतरावर होते.

मग आलं 1973 चं तेलसंकट. डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा तेलातून येत होती. रविवारी मोटारी बंद ठेवायची वेळ देशावर आली. कालुंडबोर्गचं आस्नेस वीजकेंद्र तेलावरून कोळशावर गेलं आणि उष्णतेचा कण न् कण मोलाचा झाला.

इथे जरा थांबून वीजकेंद्राचं पोट समजून घेऊ. इंधन जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, टर्बाइनने वीज. पण टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी केल्याशिवाय हे चक्र चालत नाही. त्यामुळे जुन्या केंद्रांत इंधनातल्या उष्णतेच्या जेमतेम 35 ते 40 टक्क्यांची वीज होते आणि बरीचशी बाकी उष्णता समुद्रात किंवा हवेत जाते. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. सगळी उष्णता कामात बदलता येत नाही, हा उष्मागतिकीचा दुसरा नियमच आहे. वाफ टर्बाइनमधून जरा आधी, ती अजून गरम असतानाच काढून घेतली तर वीज थोडी कमी होते, पण तिच्यातून नव्वद अंशांचं पाणी सहज मिळतं, आणि डेन्मार्कच्या हिवाळ्यात घर उबदार ठेवायला तेवढं पुरेसं असतं.

1981 पासून आस्नेसची ही उष्णता गरम पाण्याच्या नळांतून गावात जाऊ लागली आणि घरोघरच्या सुमारे साडेतीन हजार तेलभट्ट्या बंद झाल्या. पुढच्याच वर्षी केंद्राची वाफ रिफायनरीला आणि नोवोच्या औषध कारखान्याला मिळू लागली. वाफ फार लांब नेता येत नाही, वाटेतच तिचा दम जातो. म्हणून इथे शेजार हा शब्द अगदी किलोमीटर मोजूनच घ्यावा लागतो.

मला सगळ्यात आवडते ती जिप्समची गोष्ट. कोळशात गंधक असतं. ते जळून होणारा सल्फर डायऑक्साइड हवेत गेला तर आम्लपाऊस पडतो. 1993 मध्ये आस्नेसने हा वायू चुन्याच्या संयुगातून धुवून काढायची यंत्रणा बसवली. गंधक, कॅल्शियम, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की तयार होतं कॅल्शियम सल्फेट, म्हणजेच जिप्सम. खाणीतल्या जिप्समचं रसायनही हेच. जिप्रॉक तोवर स्पेनच्या खाणीतून माल आणत होता. आता तो शेजारच्या धुराड्यातून मिळू लागला. ज्या वायूने जंगलं करपली असती, तो लोकांच्या घरांच्या भिंतींत जाऊन बसला.

नोवोच्या कारखान्यात यीस्टच्या पेशींकडून इन्सुलिन करून घेतात. जगातल्या इन्सुलिनचा मोठा वाटा याच गावातून जातो. काम संपल्यावर उरतो तो यीस्टचा आणि गाळाचा ढीग. तो नायट्रोजन आणि फॉस्फरसने समृद्ध असतो. पेशींची जनुकं बदललेली असल्याने आधी उष्णता देऊन त्या निर्जीव कराव्या लागतात. मग गाळ शेतात खत म्हणून जाई आणि यीस्ट डुकरांच्या खाद्यात. शेतकऱ्यांना गाळ द्यायला 1976 मध्येच सुरुवात झाली होती.

एवढं सगळं होऊनही या व्यवस्थेला नाव नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कुठे तिला ‘औद्योगिक सहजीवन’ म्हणू लागले. शब्द जीवशास्त्रातला. आपण गोडा मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. शैवाल उन्हातून अन्न करतं, बुरशी आसरा देते. कालुंडबोर्गमध्येही मालक वेगवेगळे आणि प्रत्येक नळामागे दोन पक्षांचा स्वतंत्र करार. आपला साखर कारखाना बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, बॉयलर चालवतो, मळीपासून अल्कोहोल करतो, पण ते बहुधा एकाच कुंपणात घडतं. कुंपणापलीकडच्या माणसाला काय लागतं हे कळायला त्याच्याशी बोलावं लागतं. इथल्या व्यवस्थापकांची एकमेकांशी ओळख होती, आणि माझ्या मते या गावाच्या यशात कुठल्याही यंत्राइतकाच त्या ओळखीचा वाटा आहे.

युरोपीय संघाने 2015 मध्ये चक्रीय अर्थव्यवस्थेचा, म्हणजे वापरलेला माल पुन्हा वापरात आणण्याचा, पहिला कृती आराखडा आणला, 2020 मध्ये दुसरा. तरीही संघात वापरल्या जाणाऱ्या एकूण मालापैकी पुनर्वापरातून आलेला माल अजून साधारण 12 टक्केच आहे. तिथली शहरं आणि उद्योग कालुंडबोर्गकडे पाहतात ते यामुळे.

पण या गावातली एक अडचण झाकून ठेवता येणार नाही. या वर्तुळाच्या मधोमध कोळसा होता. वाफ, गरम पाणी, जिप्सम, सगळ्याचं मूळ एका भट्टीत. राखेला आणि जिप्समला गिऱ्हाईक आहे म्हणून ती भट्टी चालू ठेवणं चुकीचंच ठरलं असतं, कारण तिच्यातून जाणारा कार्बन डायऑक्साइड कुठल्याच शेजाऱ्याच्या कामाचा नव्हता. 2020 च्या सुमारास आस्नेस कोळसा सोडून लाकडाच्या चिपांवर गेलं. लाकडात गंधक नगण्य. म्हणजे धुराड्यातलं जिप्समही गेलं. पाडलेल्या इमारतींतले जुने बोर्ड गोळा करून त्यांचं पुन्हा जिप्सम करता येतं, आणि डेन्मार्कमध्ये तसं होतंही. लाकूड किती काळ जाळावं हा प्रश्नही तिथे उद्या येणारच. जंगल पुन्हा वाढायला दशकं लागतात.

गावाने दरम्यान उष्णतेचा आणखी एक झरा शोधला आहे. इन्सुलिन करणाऱ्या नोवोसारख्या जैव कारखान्यांतून येणारं सांडपाणी शुद्ध झाल्यावरही कोमट असतं. ते पूर्वी तसंच समुद्रात सोडत. आता मोठे उष्णता पंप त्यातली ऊब काढून घेतात, तिचं तापमान चढवतात आणि त्याच जुन्या नळांत सोडतात. इन्सुलिन कुठल्यातरी दूरच्या देशात कुणाच्या सुईत जातं, आणि ते करताना तापलेल्या पाण्याची ऊब गावातल्या घरांच्या रेडिएटरमध्ये येऊन पोचते.