इनकॉग्निटो म्हणजे अदृश्य होणं नव्हे

परवा इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी, भाचा ऑफिसच्या लॅपटॉपवर दुसऱ्या नोकरीचा अर्ज भरत बसला होता. मी हटकलं, तर म्हणाला, "मामा, काळजी नको, इनकॉग्निटोत आहे. कुणाला कळत नाही."

हा गैरसमज वर्षानुवर्षं फिरतोय. गूगलचा क्रोम ब्राउझर २००८ साली आला तेव्हापासून त्यात इनकॉग्निटो ही खासगी खिडकीची सोय आहे, आणि तिचं काम मर्यादित आहे. इनकॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की हिस्ट्री, कुकीज आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर ब्राउझर जपून ठेवत नाही. बस, एवढंच. वेबसाइटला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतोच. कुठल्या साइटवर गेलात, हे ऑफिसच्या नेटवर्कला आणि इंटरनेट कंपनीला कळू शकतं. लॅपटॉपवर ऑफिसनं देखरेखीचं सॉफ्टवेअर टाकलं असेल, तर त्यापुढे ही खिडकी काहीच करू शकत नाही.

अमेरिकेत याच मुद्द्यावर २०२० मध्ये गूगलवर खटला झाला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं इनकॉग्निटो वापरणाऱ्यांचा जमवलेला जुना डेटा नष्ट करायचं मान्य केलं.

मी भाच्याला खिडकी बंद करायला लावली आणि डाउनलोड फोल्डर उघडून दाखवलं. अर्जाची पीडीएफ तिथेच होती!

घरच्या कॉम्प्युटरवर काम आणि खासगी वापर वेगळा ठेवायचा, तर क्रोम किंवा मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल, म्हणजे दोन वेगळी खाती, करा. पासवर्ड, बुकमार्क, हिस्ट्री सरमिसळ होत नाहीत. पण ऑफिसच्या मशीनवर खासगी काम नकोच. भाच्यानं उरलेला अर्ज स्वतःच्या मोबाइलवर भरला.