फ्रेंच दृक्प्रत्ययवादी पियानोसंगीतातील निसर्गप्रतिमा

पाणी, वारा, धुके, बर्फ यांचा प्रत्यय स्वरांतून देणाऱ्या पियानोरचना आणि त्यांचा अर्थ लावण्याची रीत. क्लोद देब्युसी (१८६२–१९१८) व मोरिस राव्हेल (१८७५–१९३७) हे या संगीताचे प्रमुख रचनाकार. ‘दृक्प्रत्ययवाद’ (इंप्रेशनिझम) हे नाव, क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपणाऱ्या चित्रकलेतून आले. देब्युसीला ते मुळीच आवडत नसे.

पाण्याच्या रचना सर्वांत जास्त. राव्हेलच्या ‘कारंजी’मध्ये (१९०१) उजव्या हाताच्या स्वरावली वर उसळतात, फुटतात, खाली ओघळतात. तिथे नक्कल ऐकू येते, पण सगळीकडे तेवढ्यावर भागत नाही. देब्युसीच्या ‘पावसातल्या बागा’मध्ये (१९०३) टपटपणाऱ्या जलद स्वरांत दोन फ्रेंच बालगीते गुंफली आहेत, त्यांतले एक अंगाईगीत. म्हणजे बाग कदाचित खिडकीआडून पाहिलेली, लहानपणची. नुसता पाऊस ऐकणाऱ्याच्या हातून ही रचना निसटते.

देब्युसीने आपल्या प्रेल्यूडांची (छोट्या, स्वतंत्र पियानोरचनांची) नावे पानाच्या डोक्यावर न घालता रचनेच्या शेवटी, तीन टिंबांनंतर कंसात छापली. आधी ऐका, मग नाव वाचा, असाच त्याचा अर्थ घ्यायला हवा. पहिल्या खंडातल्या (१९१०) ‘व्वाल’ या दुसऱ्या प्रेल्यूडच्या नावाचा अर्थ शिडे असाही होतो आणि तलम पडदे असाही. रचना जवळजवळ पूर्णपणे सहा समान अंतरांच्या सप्तकात बांधली आहे. त्यात अर्धस्वर नसल्याने कुठल्याच स्वराला घराची, म्हणजे मूळ आधारस्वराची, ओढ लागत नाही. फक्त खाली एक खर्जातला स्वर तानपुऱ्यासारखा टिकून राहतो. वादकाने पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) फार दाबून धरले तर सगळे गढूळ होते, अगदीच सोडले तर हवाच निघून जाते.

याच खंडातले सहावे प्रेल्यूड, ‘बर्फावरची पावले’, अवघ्या ३६ मापांचे (तालाच्या समान तुकड्यांचे) आहे. दोन स्वरांची जोडी पुन्हा पुन्हा येते : पहिला स्वर आखूड, दुसरा लांबलेला. पाऊल पडते आणि रुतून राहते. या लयीत उदास, गोठलेल्या भूदृश्याची पार्श्वभूमी उमटली पाहिजे, अशी सूचना देब्युसीने स्वरलिपीतच दिली आहे. वरची धून मात्र तुटक-तुटक येते. शेवटाकडे त्या धुनेवर त्याने लिहिले आहे : हळव्या, दुःखी हुरहुरीसारखे. ती हुरहुर बर्फाची नाही, चालणाऱ्याची आहे.