गल्लीतील मांजरांची देखभाल : फेझ, मोरोक्को

मोरोक्कोतील फेझ शहराच्या तटबंदीच्या आत, जुन्या वस्तीत, मालक नसलेली मांजरे गल्लीने मिळून सांभाळण्याची रीत आहे. या जुन्या वस्तीला तिकडे ‘मदीना’ म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थ नुसता ‘शहर’ असा आहे, त्यामुळे अरबस्तानातील पवित्र मदीना येथे अभिप्रेत नाही. मोरोक्कोच्या बोलभाषेत, म्हणजे दारिजात, मांजराला ‘मश्श’ किंवा ‘कत्त’ म्हणतात. ट्युनिसला पोहोचेपर्यंत त्याचे ‘कत्तूस’ होते. अशी देखभाल माराकेश, रबात, शफशावन, ट्युनिस, कैरो अशा उत्तर आफ्रिकेतील बहुतेक जुन्या वस्त्यांत आढळते. फेझमध्ये ती विशेष ठसठशीत दिसते, कारण तिथली गल्ली अजून गल्लीच राहिली आहे.

या मांजरांना ‘भटकी’ म्हणणे बरोबर नाही. ती भटकत नाहीत. त्यांचा बोळ ठरलेला असतो, पायरी ठरलेली असते आणि कोणत्या दारात किती वाजता उभे राहायचे तेही ठरलेले असते. मालक नाही हे खरे, पण शेजार आहे. ‘हौमा’ म्हणजे आळी आणि ‘दर्ब’ म्हणजे तिच्यातला बोळ. मांजर दर्बाचे असते, एका घराचे नसते. त्याला कोणी काय द्यायचे हे बैठक घेऊन ठरवलेले नसते, तरी वाटणी झालेली असते. खाटीक कातरण टाकतो, कोपऱ्यावरची म्हातारी पाणी ठेवते, मुले पिल्लांसाठी खोके आणतात आणि दुकानदार रात्री फळी लावताना आत झोपलेल्याला हलकेच बाहेर काढतो.

फेझ आठव्या शतकाच्या अखेरीस इद्रिसी राजवटीत वसले. त्याची जुनी वस्ती १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या बोळांत मोटार शिरूच शकत नाही. काही बोळ तर दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावे इतके अरुंद आहेत. माल गाढवाच्या आणि खेचराच्या पाठीवरून जातो, आणि ‘बालाक! बालाक!’ म्हणजे ‘बाजूला व्हा’ ही हाक ऐकली की माणसांबरोबर मांजरेही सरकतात. इतर शहरांत रस्त्यावरच्या मांजराचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे वाहन. तो इथे तटाबाहेरच राहतो. घरांना बाहेरून उंच कोरी भिंत आणि आत चौक, त्यामुळे मांजरांना दोन रस्ते मिळतात, खाली बोळ आणि वर एकमेकींना चिकटलेल्या गच्च्या.

प्रत्येक हौमाला मशीद, मुलांची कुराणशाळा, पाण्याचे सार्वजनिक कारंजे, हमाम आणि सामाईक भट्टी असावी अशी जुनी पद्धत आहे. यातली शेवटची दोन मांजरांच्या दृष्टीने फार मोलाची. भट्टीला ‘फर्रान’ म्हणतात. घरी मळलेली भाकरी मुलांच्या डोक्यावरच्या फळीवरून तिथे भाजायला जाते. हमामचे पाणी तापवणारी चूल मागच्या बाजूला, जमिनीपेक्षा खाली असते आणि तिच्यात लाकडाचा भुसा व ढलप्या घालत बसणाऱ्या माणसाला ‘फर्नात्शी’ म्हणतात. फेझ समुद्रापासून दूर आणि उंचावर असल्याने हिवाळ्यातल्या रात्री बोचऱ्या थंडीच्या असतात. अशा रात्री चुलीच्या तोंडाशी, कोमट राखेत, हौमातली मांजरे अंग मुडपून पडतात. हिवाळ्यात जन्मलेले पिल्लू जगण्यात या चुलीचा वाटा मोठा आहे.

खाणे

मांजरांचे मुख्य अन्न बाजारातून येते. खाटकाकडचे फुप्फुस सर्वांत स्वस्त, आणि ‘मांजरांसाठी’ म्हणून ते मुद्दाम विकत घेणारी माणसे असतात. जिवंत कोंबडी कापून देणाऱ्या दुकानासमोर माना आणि आतडी यांच्या आशेने रांग लागलेली असते. सार्डिन हा मोरोक्कोचा गरिबाचा मासा; सार्डिनच्या निर्यातीत हा देश जगात आघाडीवर आहे. तो समुद्रापासून लांब असलेल्या फेझमध्येही रोज येतो आणि त्याची डोकी व काटे मांजरांच्या वाट्याला जातात. अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसाविराला तर बंदरावरच कोळी जाळी निवडत असताना मांजरे आणि कुरव यांची झटापट चालू असते.

भाकरीची गोष्ट वेगळी. मोरोक्कोत भाकरी कचऱ्यात टाकणे पाप मानतात. रस्त्यात तुकडा पडलेला दिसला तर उचलून, चुंबन घेऊन भिंतीच्या कडेला ठेवतात. उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या दाराबाहेर खिळ्याला अडकवलेल्या दिसतात. त्या जनावरांसाठी असतात. कोरडी भाकरी मांजर खात नाही, म्हणून ती ताजीन या मंद आचेवरच्या कालवणाच्या रश्श्यात किंवा माशाच्या पाण्यात कुस्करून ठेवतात. अलीकडे किराणा दुकानातून सुटे कोरडे खाद्यही मिळते; त्याला फ्रेंचवरून ‘क्रोकेत’ म्हणतात. प्रेमापोटी दिले जाणारे दूध मात्र बहुतेक प्रौढ मांजरांना पचत नाही आणि त्याने पिल्लांना हगवण लागते. त्यापेक्षा उन्हाळ्यात स्वच्छ पाणी जास्त उपयोगी पडते. पाऱ्याने चाळिशी ओलांडली की दर्बात कापलेल्या प्लास्टिक बाटलीचे तळ जागोजागी भरून ठेवलेले दिसतात. ते रोज धुणारे हात हीच या रीतीची खरी कसोटी.

आठवड्याचा आणि वर्षाचा क्रम मांजरांच्या अंगवळणी पडलेला असतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर घरोघरी कुसकुस होते आणि हाडे बाहेर येतात. रमजानमध्ये दिवसभर खाणावळी बंद असतात. सूर्यास्ताची तोफ किंवा अजान झाली की रस्ते एकदम ओस पडतात आणि तासाभराने दारे उघडून हरीरा या सूपच्या भांड्यांबरोबर उरलेसुरले बाहेर येते. ईद-उल-अजहाचे, म्हणजे बकरी ईदचे, दोन-तीन दिवस तर त्यांना सोसणार नाही इतके खाणे मिळते. २०२५ मध्ये मात्र दुष्काळाने मेंढ्यांचे कळप घटले म्हणून राजे सहावे मोहम्मद यांनी लोकांना कुर्बानी न करण्याचे आवाहन केले. त्याहून कठीण काळ २०२० चा. २० मार्चपासून कोरोनामुळे देशात आणीबाणी लागू झाली, घराबाहेर पडायला परवान्याचा कागद लागू लागला आणि पर्यटकांवर चालणाऱ्या खाणावळींच्या ताटांवर जगणारी मांजरे अचानक पोरकी झाली. घरांच्या उंबऱ्यांवर जगणाऱ्यांचे तितके हाल होण्याचे कारण नव्हते. मांजराचे पोट पाहुण्यावर अवलंबून आहे की शेजाऱ्यावर, हा फरक त्या महिन्यांत जिवावरचा ठरला.

धर्म आणि समजुती

उत्तर आफ्रिकेत बहुतांशी मालिकी या सुन्नी पंथाचे धर्मशास्त्र चालते आणि त्याचा पाया असलेल्या इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथातच मांजराचा प्रसंग आहे. प्रेषितांचे सहकारी अबू कतादा यांच्यासाठी त्यांची सून कबशा हिने वुजूचे, म्हणजे नमाजआधीच्या शुद्धीचे, पाणी ओतले. एक मांजर ते प्यायला आले. अबू कतादांनी भांडे कलते केले आणि त्याचे पिणे होईपर्यंत तसेच धरले. सून चकित होऊन पाहत राहिली, तेव्हा त्यांनी प्रेषितांचे वचन सांगितले : मांजर अपवित्र नाही, ते तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. ‘वावरणारे’ या अर्थाचा हाच शब्द कुराणात (२४:५८) घरात सहज ये-जा करणाऱ्या माणसांसाठी आला आहे. म्हणजे या वचनात मांजराला नुसती सूट दिलेली नाही, घरच्यांत जागा दिली आहे. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस, म्हणजे प्रेषितांचे नोंदलेले वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. विपुल हदीस सांगणारे अबू हुरैरा यांचे टोपणनावच ‘मांजरवाले’ अशा अर्थाचे आहे. प्रेषितांच्या मुएझ्झा नावाच्या मांजराची आणि त्यांनी कापलेल्या बाहीची गोष्ट लोकप्रिय असली, तरी प्रमाण संग्रहांत तिला आधार नाही.

यावरून ‘मांजर शुद्ध, कुत्रा अशुद्ध’ अशी सरळ विभागणी सांगितली जाते. मालिकी मत तसे नाही. त्या पंथात कुत्राही मुळात अशुद्ध मानलेला नाही. कुत्र्यांच्या वाट्याला दुरावा आला तो बहुधा रेबीजच्या भीतीमुळे आणि व्यवहारामुळे.

जनावरांसाठी दान नेमून ठेवण्याची परंपराही या प्रदेशात जुनी आहे. वक्फला इथे ‘हबूस’ म्हणतात. फेझमध्ये मरिनी सुलतान अबू याकूब यूसुफ याने १२८६ मध्ये सुरू केलेल्या सीदी फ्रेज रुग्णालयात जखमी करकोच्यांवरही उपचार होत, असे परंपरा सांगते. कैरोत तेराव्या शतकात सुलतान बैबर्सने मांजरांच्या पोटासाठी एक बाग लावून दिली. बाग पुढे विकली गेली, तरी एकोणिसाव्या शतकात काझीच्या कचेरीच्या आवारात रोज दुपारी मांजरांना खाऊ घातले जात असल्याची नोंद इंग्रज अभ्यासक एडवर्ड लेन याने केली आहे. १९२७ मध्ये फेझमध्ये उघडलेले ‘अमेरिकन फुंदुक’ हे मोफत पशुरुग्णालय मुख्यतः गाढवा-खेचरांसाठी आहे.

लोकसमजुतींत रात्रीच्या मांजराला मारू नये, तो जिन्न असू शकतो, असे म्हणतात. मोरीत कढत पाणी ओतण्याआधी ‘बिस्मिल्ला’ म्हणतात, तेही जिन्नांना इजा होऊ नये म्हणूनच. या भीतीनेही पुष्कळ मांजरे वाचली असतील. पण दर्बात रोज कानावर पडणारा शब्द भीतीचा नाही. लंगडणारे मांजर दिसले की बायका ‘मिस्कीना’, म्हणजे ‘बिचारी’, म्हणतात. मराठीत फारसीमार्गे आलेला ‘मिस्कीन’ तो हाच.

भूक भागल्यावरचा प्रश्न

खाऊ घालण्याने मांजर जगते, पण तेवढ्याने त्याचे भले होत नाही, ही या रीतीची दुखरी बाजू आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांत वयात येते, ६३ ते ६५ दिवसांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला दोन-तीन वेते होतात. पोटभर खाणे मिळाले तर आणखी सहज. वसंतात फेझच्या बोळांत दिसणारी पिल्ले शरदापर्यंत दिसेनाशी होतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात मालक नसलेल्या मांजरांच्या १६९ पिल्लांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांपैकी १२७ सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली होती. फेझची गल्ली प्रेमळ असली, तरी डोळे चिकटवणारी सर्दी, पॅनल्युकोपेनिया हा आतड्यांचा घातक विषाणुरोग आणि खरूज यांच्यापुढे प्रेमाचे काही चालत नाही. मोरोक्कोत रेबीजही आहे. तो मुख्यतः कुत्र्यांमार्फत पसरतो, पण मांजर चावले किंवा ओरबाडले तरी जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लस घ्यावीच लागते. या मांजरांशी खेळणाऱ्या मुलांना हे शिकवलेले असते असे नाही.

यावर टिकाऊ उपाय म्हणजे पकडणे, नसबंदी व रेबीजची लस, आणि पुन्हा त्याच जागी सोडणे. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाचे टोक कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पिंजऱ्यात सापडले तर दुरून ओळखता येते. मांजरे उचलून दुसरीकडे नेण्याने काम होत नाही. खाणे आणि आडोसा तिथेच राहतो, म्हणून रिकामी जागा शेजारची मांजरे व्यापतात. नसबंदीला काही जण ईश्वरी रचनेतली ढवळाढवळ मानून विरोध करतात आणि खच्चीकरण हा इस्लामी धर्मशास्त्रातला जुना वादविषय आहे. मात्र मारून टाकण्यापेक्षा हे बरे, असे मत देणारे मुफ्तीही आहेत. म्हाताऱ्या बायकांची समजूत पटते ती बहुतेक वेळा शास्त्राने नव्हे, तर मेलेल्या पिल्लांच्या आठवणीने.

सरकारी पातळीवर २०१९ मध्ये गृह खाते, आरोग्य खाते, अन्नसुरक्षा यंत्रणा आणि पशुवैद्यांची राष्ट्रीय परिषद यांच्यात नसबंदी-लसीकरणाचा करार झाला. त्याचा रोख मुख्यतः कुत्र्यांवर होता. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मोकाट जनावरांविषयी १९.२५ क्रमांकाचे विधेयक संमत केले. सार्वजनिक जागी अशा जनावरांना खाऊ घालणाऱ्याला, आसरा देणाऱ्याला किंवा औषधपाणी करणाऱ्याला १,५०० ते ३,००० दिरहम दंड, असे एक कलम त्यात होते. २०३० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या यजमानपदामुळे मोरोक्कोतील कुत्र्यांच्या हत्येवर आधीच जगभर टीका चालू होती, त्यात या कलमाने भर घातली. ज्या देशात उंबऱ्यावर ठेवलेली ताटली हे पुण्य, तिथे ती गुन्हा ठरवणे मुळातच चुकीचे आहे. शिवाय नसबंदीसाठी मांजर हाताशी येते ते खाऊ घालणाऱ्याच्याच विश्वासाने.

पर्यटकांना एखादे मांजर घरी न्यावेसे वाटते. युरोपीय संघात न्यायचे तर आधी मायक्रोचिप, बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि पुढे तीन महिने थांबणे, असा क्रम आहे. म्हणजे पिल्लू सुमारे सात महिन्यांचे होईपर्यंत निघू शकत नाही. तोवर त्याला कोणीतरी दर्बातच सांभाळावे लागते.

नसबंदीचे कामही इथे पायीच चालते. पिंजरा कापडाने झाकून बोळाबोळांतून बाब बूजलूदसारख्या एखाद्या वेशीपर्यंत हातात न्यायचा, मग गाडीने दवाखाना. बोका लवकर परततो, मांजरीला टाके सुकेपर्यंत ठेवून घेतलेले बरे. सोडताना तोच दर्ब आणि शक्यतो तीच पायरी लागते. चार दारे पलीकडे सोडले तरी तिथली मांजरे तिला हुसकावतात. म्हणून पकडतानाच ती कोणाच्या दारात जेवते हे विचारून ठेवतात.