घरगुती ड्रिलिंगमधील धातूचा कीस

घरात ड्रिल मशीनने लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, पितळ अशा धातूंना भोक पाडताना निघणारी वेटोळी, तुकडे आणि बारीक चुरा यांना मिळून धातूचा कीस म्हणतात. खिडकीच्या ग्रिलला मच्छरजाळी बसवणे, अँगलच्या मांडणीला जादा भोक पाडणे, लोखंडी दाराला कडी लावणे ही तो पडण्याची नेहमीची निमित्ते. अशा कामाला लागताना बरेच जण नाकाला रुमाल बांधतात आणि डोळे उघडेच ठेवतात. धोक्याचा क्रम नेमका उलटा आहे. ड्रिलखालचा धातू आधी डोळ्याला आणि मग कातडीला इजा करतो. फुप्फुसाचा प्रश्न काही ठरावीक परिस्थितीतच उभा राहतो.

याचे कारण कीस कसा तयार होतो यात आहे. बिट, म्हणजे ड्रिलचे फिरणारे धारदार टोक, धातू कापतो, घासत नाही. धार चांगली असेल आणि बेताचा दाब दिला, तर साध्या पोलादातून (एमएस) बिटच्या दोन खाचांतून दोन चकचकीत वेटोळी वर चढताना दिसतात. लोखंड पाण्याच्या जवळजवळ ८ पट जड असल्यामुळे ही वेटोळी सरळ खाली पडतात, हवेत तरंगत नाहीत. श्वासाबरोबर घशाखाली उतरणारे कण साधारण १० मायक्रॉनपेक्षा लहान असतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. तेव्हा बोटाला टोचणारा कीस फुप्फुसात जाण्याइतका लहान नसतोच.

बिट बोथट झाला की चित्र पालटते. मशीन किंचाळते, धूर निघतो आणि वेटोळ्यांऐवजी करड्या रंगाची भुकटी पडू लागते. पोलादाचा कीस निळा पडला, तर त्याचे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या घरात पोचले असे समजावे. अशा वेळी जोर वाढवू नये. वेग कमी करून तेलाचे दोन थेंब सोडावेत, नाहीतर बिट बदलावा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मात्र याला अपवाद आहे. त्यातल्या ग्राफाइटमुळे धारदार बिटनेही त्याची काळी भुकटीच होते. पितळाचे सुईसारखे बारीक कण उडतात आणि बोटांत रुततात. ॲल्युमिनियम चिकट असल्याने त्याच्या लांब पट्ट्या बिटला गुंडाळल्या जातात.

डोळ्याची इजा सर्वांत जास्त जपण्यासारखी. डोक्याच्या वर भोक पाडताना, म्हणजे पडद्याची दांडी किंवा छताचा हूक बसवताना, कीस थेट डोळ्यात पडतो. नेहमीचा चष्मा बाजूने उघडा असतो, त्यामुळे तो पुरत नाही. कडेने बंद असलेला गॉगलच हवा. लोखंडाचा कण पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, रुतून राहिला तर काही तासांतच गंजू लागतो आणि भोवती तपकिरी कडे तयार होते. मग कण निघाला तरी ते कडे डॉक्टरांना वेगळे काढावे लागते. पदराचे टोक, काडी किंवा लोहचुंबक वापरून कण काढण्याचे घरगुती प्रयत्न पारपटल आणखी खरवडतात. डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि तरीही टोचत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. बिट तुटून किंवा हातोडा मारताना वेगाने उडालेला तुकडा डोळ्याच्या आतही शिरू शकतो. अशा वेळी दुखणे फारसे नसते, म्हणून लोक थांबून राहतात. आत राहिलेले लोखंड हळूहळू विरघळून दृष्टिपटलाची हानी करते. डोळा असा भेदला गेल्याची शंका असेल तर तो धुऊ किंवा दाबू नये, तडक रुग्णालय गाठावे. डोळ्यात कधीही धातू गेला असेल तर एमआरआयपूर्वी तसे सांगणे अत्यावश्यक आहे, कारण त्या चुंबकीय क्षेत्रात तुकडा हलू शकतो.

लोखंडाची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने होणाऱ्या विकाराला सिडरोसिस म्हणतात. हे नाव जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख त्सेंकर यांनी १८६७ मध्ये दिले. तो वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करणाऱ्या कामगारांचा आजार आहे. रविवारी दोन भोके पाडणाऱ्याला त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपाबद्दलची भीतीही अशीच तपासून घ्यावी. जस्ताच्या धुराने थंडी-ताप येतो हे खरे. पण जस्त ९०७ अंशांना उकळते आणि ड्रिलिंगची उष्णता तिथपर्यंत जात नाही. तो धोका वेल्डिंगचा. स्टेनलेस स्टीलमधल्या क्रोमियमचे कर्करोगकारक रूपही वेल्डिंगच्या उष्णतेत तयार होते. खोट्या दागिन्यांनी खाज येणाऱ्यांना मात्र स्टीलच्या किसातल्या निकेलचा त्रास होऊ शकतो.

धातूपेक्षा त्यावरचा रंग कित्येकदा अधिक वाईट असतो. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या ग्रिलवर, विशेषतः पिवळ्या-नारिंगी छटांत आणि शेंदराच्या प्रायमरमध्ये, शिसे असू शकते. रांगते मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते आणि शिशाचे अगदी थोडे प्रमाणही लहान मुलांच्या मेंदूला बाधते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये. भोकाची जागा ओली ठेवून काम करावे, मुलांना तोवर दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी.

बिट धातूतून पार होऊन भिंतीत शिरला की प्रश्नच वेगळा होतो. काँक्रीट आणि विटांच्या धुळीत फुप्फुसाला घातक अशी स्फटिकी सिलिका असते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, आणि त्याला घरच्या घरी भोक पाडूच नये. इथे रुमालाचा उपयोग नाही. भिंतीच्या कामाला भारतीय मानक आयएस ९४७३ ची खूण असलेला एफएफपी२ दर्जाचा, बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो.

कपड्यांबाबत एक गैरसमज घातक आहे. कीस टोचू नये म्हणून सुती हातमोजे घालून ड्रिल धरले, तर फिरता बिट मोज्यासकट बोट ओढून घेतो. ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस यांनाही तोच धोका. मोजे घालावेत ते मशीन थांबल्यावर, कीस उचलताना.

कीस तोंडाने फुंकणे ही सर्वांत सहज होणारी चूक, कारण तो उलटून स्वतःच्याच डोळ्यात येतो. प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून फरशीवरून फिरवावे. पोलादाचा कीस पिशवीला चिकटतो आणि पिशवी उलटी केली की तिच्यातच राहतो. ॲल्युमिनियम, पितळ आणि बहुतेक स्टेनलेस चुंबकाला लागत नाही. तिथे ओले फडके किंवा चिकटपट्टी वापरावी. स्विचबोर्ड किंवा इन्व्हर्टरच्या पेटीजवळ काम असेल तर वीज बंद करून पेटी आधीच झाकावी, कारण आत पडलेला एक तुकडाही शॉर्टसर्किट करू शकतो. पोलादाचा कीस ओल्या पांढऱ्या फरशीवर रात्रभर राहिला, तर सकाळी प्रत्येक कणाखाली तांबूस ठिपका उमटलेला असतो.