शब्बाथ, ख्रिस्ती आचारातील

शब्बाथ म्हणजे आठवड्याचा सातवा, विसाव्याचा दिवस. मूळ हिब्रू शब्दात ‘थांबणे’ हा अर्थ आहे. ज्यू लोक तो शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत पाळतात. मराठी मुलखाला ही पाळणूक परकी नाही. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी तेलघाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ख्रिस्ती माणसाने हा दिवस पाळलाच पाहिजे का, आणि पाळायचा तर कोणत्या वारी, हा वाद मात्र पहिल्या शतकापासून चालत आलेला आहे. नाशिकमधल्या ख्रिस्ती घरांतही तो निघतो, विशेषतः सोयरीक जुळवताना वर-वधूची मंडळी (चर्च) वेगळी असली म्हणजे.

शब्बाथाची आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळे आहे. निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात देवाने सहा दिवसांत सृष्टी केली व सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण. अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात मात्र ‘तू मिसरात दास होतास’ याची आठवण करून दिली आहे आणि तुझा दास, तुझी दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आतला उपरा यांनाही विसावा मिळावा, असे बजावले आहे. वादाच्या भरात हे दुसरे कारण मागे पडते. वार कोणता यावर रात्र जागवणारे पुष्कळ भेटतात. आपल्या घरी राबणाऱ्या बाईला आठवड्यात एक दिवस मोकळा मिळतो का, हे विचारणारे थोडे.

येशू स्वतः शब्बाथ पाळणाऱ्या समाजात वाढला आणि त्या दिवशी सभास्थानात जात असे. त्याने आज्ञा मोडीत काढली नाही, पण ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही’ असे सांगून तिचा रोख बदलला. पुढे यरुशलेमेतील प्रेषितांच्या सभेने (प्रेषितांची कृत्ये १५) परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर चारच बंधने घातली: मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गुदमरून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहणे. त्यांत शब्बाथ नाही. प्रेषित पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला लिहिले की सण, चंद्रदर्शन किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. या गोष्टी छाया आहेत. रोमकरांना त्याने सांगितले की एकजण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो. प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. प्रस्तुत लेखकाच्या मते मोशेच्या नियमशास्त्रातील शब्बाथ ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाही, हे या वचनांवरून पुरेसे स्पष्ट आहे. त्याच वचनांवरून शनिवार पाळणाऱ्याला हिणवण्याची वाटही बंद होते, आणि हे तितक्याच जोराने सांगायला हवे.

रविवार आला तो पुनरुत्थानाचा दिवस म्हणून. त्रोवस या गावी भाकर मोडण्यासाठी शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, जमल्याचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे आणि दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो. तो दिवस तेव्हा कामाचाच होता. रविवारच्या सुट्टीचा कायदा ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने केला. त्यात शहरातले लोक व न्यायाधीश यांना विसावा सांगितला, पण शेतकऱ्यांना मोकळीक दिली, कारण पेरणीचा आणि द्राक्षवेल लावण्याचा नेमका दिवस हुकला तर पुन्हा मिळत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, आणि रविवार हा खंडोबाचाही वार.

आजच्या भूमिका ढोबळमानाने अशा: रोमन कॅथलिक रविवारच्या मिस्साला (प्रभुभोजनाच्या उपासनेला) जाणे कर्तव्य मानतात, शनिवारी संध्याकाळचा मिस्साही त्यासाठी चालतो. प्रेस्बिटेरियन पंथ मानतो त्या सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने (श्रद्धेच्या जाहीरनाम्याने) रविवारलाच ख्रिस्ती शब्बाथ ठरवून तो कडकपणे पाळायला सांगितला, तर लूथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग अंगीकाराने शब्बाथाचे बंधन संपले असे म्हटले. इथिओपियाची प्राचीन मंडळी शनिवार व रविवार दोन्हींना मान देते. अमेरिकेत १८६३ मध्ये संघटित झालेले सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट शनिवारच पाळतात. ही आज्ञा मोशेच्या आधीची, सृष्टीच्या आरंभीची आहे, असा त्यांचा आधार. पण उत्पत्तीच्या २ ऱ्या अध्यायात देव विसावतो. माणसाला आज्ञा दिल्याचे तिथे लिहिलेले नाही.

शनिवार मनापासून पाळणाऱ्या घरात शुक्रवार हा ‘तयारीचा दिवस’ असतो. स्वयंपाक, इस्त्री, बाजारहाट सूर्यास्ताआधी उरकायचा. नाशकात डिसेंबरात सहाच्या सुमारास, तर जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास दिवस मावळतो, तेव्हा हिवाळ्यात गृहिणीची फार धांदल उडते. शनिवारी सकाळी शब्बाथशाळा, म्हणजे पवित्र शास्त्राचा एकत्र अभ्यास, मग उपासना. परीक्षा शनिवारी आली की विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते.

नाशिकमध्ये इंग्लंडच्या अँग्लिकन पंथातील चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ मध्ये सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसली आणि गुलामगिरीतून सुटका झालेली आफ्रिकी मुले तिथे शिकली. ‘तू दास होतास’ हे वाक्य त्यांच्यापुढे वाचले गेले असेल, तेव्हा ते कोणा प्राचीन लोकांविषयी वाटले नसेल. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाप्रमाणे प्रभुभोजनाच्या विधीत दहा आज्ञा वाचल्या जात. म्हणजे सातव्या दिवसाची आज्ञा रविवारी, पहिल्या दिवशी ऐकायची.

द्राक्षांची खुडणी सुरू झाली की प्रश्न बांधावर येतो. अवकाळी पावसाचे ढग दिसत असताना माल वेलीवर ठेवता येत नाही. विहिरीत पडलेला बैल शब्बाथाच्या दिवशीही तुम्ही बाहेर काढाल ना, हे येशूचे विचारणे (लूक १४) शेतकरी इथे पुढे करतो, आणि ते योग्यच आहे. रोजंदारीवर खुडणी करणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. तिने रविवार पाळला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. अनुवादातली आज्ञा तिला उद्देशून नाहीच. तिथला ‘तू’ म्हणजे शेताचा मालक.